पाच वर्षं उभी असलेली इंडिका डिझेल चालू होईल का?

तुम्ही विचारलंय की वडिलांची २००५ ची इंडिका डिझेल गेली पाच वर्षं कोकणातल्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, नवीन बॅटरी टाकून सेल्फ मारला तर चालू होईल का, की सरळ भंगारवाल्याला द्यावी. होईल की, बहुतेक होईल. फक्त बॅटरी आली रे आली की सेल्फ मारू नका, कारण अशा गाड्यांची वाट उभं राहून जेवढी लागते त्याच्यापेक्षा जास्त त्या पहिल्या पाच मिनिटांत लागते.

मी गॅरेजवाला नाही, पण आमच्याकडे आणि पाहुण्यांकडे सगळ्या जुन्या डिझेलच गाड्या, त्यामुळे हा उद्योग करत आलोय. ते १४०५ सीसीचं जुनं इंजिन साधं आहे, स्पार्क प्लगची भानगड नाही, कॉमन रेल (नव्या डिझेल गाड्यांतली कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल फवारणी) नाही, डिझेल आणि नीट कॉम्प्रेशन (हवेवरचा दाब) मिळालं की पेटतं.

बॉनेट उघडलंत की पहिलं एअर फिल्टरचा डबा खोला. उंदरांना ती जागा फार आवडते, चिंध्या, भाताची टरफलं काय वाट्टेल ते निघतं, आणि ते तसंच ठेवून सेल्फ मारला तर सगळं इंजिन ओढून घेणार. वायरिंग कुठे कुरतडलंय तेही तेव्हाच बघून घ्या.

मग टाकी. ह्यात घाई करू नका. मुद्दा पाण्याचा आहे. अर्धी रिकामी टाकी आणि कोकणातले पाच पावसाळे म्हणजे आतल्या हवेतला ओलावा पत्र्याला धरून थेंब थेंब खाली जमतो. टाकीच्या तळातलं थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाणी दिसेल, वर डिझेल, आणि दोन्हीच्या मधे काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसला तर समजा टाकीत जंतू झालेत, ते पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथेच वाढतात. असा थर असेल तर टाकी उतरवून धुण्याशिवाय पर्याय नाही, नुसतं नवीन डिझेल ओतून काही होत नाही, फिल्टर सारखा चोक होत राहतो आणि पाणी डिझेल पंपात गेलं की पंप आतून गंजतो. ह्या गाडीत पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारं तोंड) हाच महागाचा माल आहे हे लक्षात ठेवा.

माझी पद्धत विचाराल तर मी पहिल्यांदा चालू करताना टाकीला हातच लावत नाही. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्यायचा, त्यात ताजं डिझेल, आणि फिल्टरकडे येणारा पाइप आणि रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइप दोन्ही त्या कॅनमध्ये सोडायचे. डिझेल फिल्टर नवीन टाकायचा. येणारा पाइप पारदर्शक घेतला तर बुडबुडे दिसतात, बुडबुडे दिसतायत म्हणजे कुठूनतरी हवा ओढतोय आणि तोपर्यंत सेल्फ मारून नुसती बॅटरी उतरणार. जुने रबरी पाइप कडक होऊन क्लिपपाशी चिरलेले असतात, ते सगळे बदला, किरकोळ खर्च आहे. मग हँड प्राइमर (हाताने दाबून डिझेल ओढायचा छोटा पंप) दाबत दाबत हवा काढायची, दाबायला कडक लागेपर्यंत.

आता बेल्ट. ह्या इंजिनला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व आणि पिस्टनचा मेळ ठेवणारा रबरी पट्टा) आहे, आणि एकाच जागी वाकून पाच वर्षं बसलेल्या रबराचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि हेड खोलावं लागतं. दिसायला चांगला दिसतोय वगैरे मेकॅनिक म्हणेल, ऐकू नका, बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) बदलूनच पुढे जा. शेवटचा कधी बदलला ते माहीत नसताना तर नक्कीच.

इंजिन ऑइल गेजवर कितीही सोनेरी दिसू दे, काढून टाका, फिल्टरसकट. नंतर हीटर प्लग (थंड इंजिन पेटावं म्हणून आत तापणारे प्लग) काढा, त्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या पुलीच्या) बोल्टला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं आणि जाणकाराला बोलवायचं. मोकळं फिरलं तर प्लग बाहेर असतानाच थोडा सेल्फ मारा म्हणजे जास्तीचं ऑइल उडून जाईल (तोंड लांब ठेवा, फवारा उडतो). तेवढ्यात हीटर प्लग थेट बॅटरीवर लावून तापतात का तेही बघून घ्या, हे जुन्या पद्धतीचं इंजिन आहे, थंडीत प्लगशिवाय फार रडतं.

डिझेल पंपावर एक वायर जोडलेला सोलेनॉइड (डिझेल सोडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व) असतो, चावी ऑन केली की टक् असा आवाज यायला पाहिजे. नाही आला तर डिझेलच सुटणार नाही, आणि लोक तिकडे नोझल खोलत बसतात.

मग मारा सेल्फ, दहा-पंधरा सेकंद, मधे विश्रांती. पेट्रोलचा बोळा एअर पाइपला लावणारे महाभाग भेटतील, अजिबात लावू देऊ नका, हीटर प्लग तापलेले असताना तो खेळ अंगाशी येतो. एअर पाइपच्या तोंडावर मावेल एवढी फळी जवळ ठेवा, इंजिन चावी बंद करूनही पळत सुटलं तर हवा बंद करणं हा खात्रीचा उपाय, तिथे हात लावायचा नसतो. आणि नोझलचा पाइप लीक होत असेल तर बोट लावून बघू नका, तिथे शंभर बारच्या वर प्रेशर असतं, डिझेल कातडीत घुसतं.

चालू झाल्यावर पांढरा धूर येणार, दोन-चार मिनिटं येऊ द्या. गरम होऊनही थांबत नसेल आणि आवाज लंगडा असेल तर एखादं नोझल बिघडलंय.

एवढं झालं की लोक लगेच चक्कर मारायला निघतात, पण ब्रेक? हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे लायनर ड्रमला चिकटलेले असणार, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं त्यामुळे व्हील सिलिंडर आतून गंजलेले असणार. ऑइल सगळं नवीन, रबर किट नवीन, आणि टायर तर हमखास बदला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे ३५१८ असेल तर २०१८ चा पस्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी एवढ्या जुन्या टायरवर घाट उतरू नका. खरा पैसा इथेच जातो, इंजिनात नाही.

आणि हे सगळं करायच्या आधी आरसी काढून तारीख बघा. २००५ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांची मुदत २०२० लाच संपली, रिन्यू केली नसेल तर आरटीओत गाडी दाखवून करावी लागेल, पाच-पाच वर्षांची होते. २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीला ह्याची फी १० हजार झालीये, वर उशिराचा दंड, पर्यावरण कर, इन्शुरन्स, पीयूसी. गाडी वडिलांच्याच नावावर असेल आणि ते नसतील तर आधी ट्रान्सफर. हा आकडा आणि टायर-ब्रेक-बेल्टचा आकडा एका कागदावर मांडा. पंप चांगला निघाला आणि खालचा पत्रा सडलेला नसेल तर मी म्हणेन करा, पत्रा गेला असेल तर सोडून द्या. स्क्रू ड्रायव्हर घेऊन दाराखालचा पट्टा टोचून बघा, आरपार गेला तर बॅटरीसुद्धा आणू नका.