कॅन्सरने जवळचं माणूस गेल्यावर गाण्याचा खरंच आधार होतो का? आणि त्यातून आजाराबद्दल जागरूकता येते का?

हो, दोन्ही होतं. ऑस्ट्रेलियन गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन हे माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण. १९९२ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर झाला. गाठ तिला स्वतःला लागली होती. मॅमोग्राममध्ये (स्तनाच्या एक्स-रेमध्ये) काही दिसलं नाही, तरी तिचं मन मानेना, म्हणून पुढच्या तपासण्या झाल्या आणि निदान झालं. स्वतःच्या शरीराकडे लक्ष द्या, असं ती पुढे आयुष्यभर बायकांना सांगत राहिली. त्या अनुभवावरची गाणी १९९४ च्या 'गाया' अल्बममध्ये आहेत. मेलबर्नमध्ये तिच्या नावाचं कॅन्सर केंद्रही उभं राहिलं.

पण मला जास्त भिडतो तो २०१६ चा 'लिव्ह ऑन' अल्बम. तो तिने बेथ नील्सन चॅपमन आणि एमी स्काय या दोन गायिकांसोबत केला. २०१३ मध्ये तिची बहीण रोना मेंदूच्या गाठीने गेली. बेथचा नवरा १९९४ मध्ये कॅन्सरने गेला होता, एमीची आई गेली होती. या तिघींनी मिळून दुःखावरच गाणी केली. आपल्याकडे घरात कोणी गेलं की चार दिवसांत 'आता सावर' सुरू होतं. गाणं तसली घाई करत नाही, म्हणून ते जवळचं वाटतं.

तुमच्या घरी कोणी नुकतंच गेलं असेल तर त्यांच्या आवडीचं गाणं लगेच ऐकायलाच हवं असं नाही. ऐकवेना तर बंद करा. जमेल तेव्हा घरच्यांसोबत ऐका, रडू आलं तर येऊ द्या.