वाचकांचे प्रश्न: तुळसीचं घर आणि तुळसीचा नकार

मागच्या अंकात 'मरुपडियुम' या तमिळ चित्रपटाबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. चित्रपट 1993चा, दिग्दर्शक बालू महेंद्र. महेश भट यांच्या 1982च्या 'अर्थ'चं हे तमिळ रूप. तुळसीचा (रेवती) नवरा मुरळी कृष्णा (निळलगळ रवी) चित्रपट दिग्दर्शक आहे. तो कविता (रोहिणी) या नटीत गुंततो. तुळसी घराबाहेर पडते आणि नोकरी धरते. गौरीशंकर (अरविंद स्वामी) हा गायक तिचा मित्र होतो. शेवटी नवरा परत येतो. ती त्यालाही नाही म्हणते आणि गौरीशंकरलाही.

ताई, नवऱ्याला नाही म्हणाली ते पटलं. पण गौरीशंकरमध्ये काय खोट होती? इतका सालस माणूस नाकारणं हा निव्वळ हट्ट नाही का?
— एक वाचक, सातारा

काहीच खोट नव्हती. म्हणून तर त्या नकाराला किंमत आहे. वाईट माणसाला कोणीही नाकारेल.

हा चित्रपट आला तेव्हा मी मद्रासला राहत होते. 'चेन्नई' हे नाव अजून व्हायचं होतं. समोरच्या घरातल्या मामींबरोबर माउंट रोडच्या एका थेटरात मी तो पाहिला. आदल्याच वर्षी 'रोजा' येऊन गेला होता आणि अरविंद स्वामी म्हणजे घराघरातला लाडका जावई झाला होता. त्याला तुळसी नाही म्हणते, तेव्हा आमच्या मागच्या रांगेतून चक्क 'अय्यो' असा आवाज आला. परत येताना पल्लवनच्या, म्हणजे तिथल्या शहर वाहतुकीच्या बसमध्ये मामी अडयारपर्यंत माझ्याशी वाद घालत होत्या. तुळसीने लग्न करायला हवं होतं, असं त्यांचं ठाम मत. मी मुद्दे मांडत राहिले आणि त्या एकच प्रश्न विचारत राहिल्या: "ते सगळं खरं, पण भाडं कोण भरणार?"

मला मामींचा प्रश्न आजही फार शहाणा वाटतो, कारण सगळा चित्रपट त्याच प्रश्नावर उभा आहे. तुळसी अनाथ वाढली. हक्काचं घर असावं, एवढंच तिचं स्वप्न. नवरा नव्या घराच्या किल्ल्या हातात ठेवतो तेव्हा ती हरखून जाते, आणि पुढे कळतं की त्या घराचे पैसे कविताचे आहेत. ज्या भिंतींवर जीव लावला त्या दुसऱ्याच बाईच्या पैशातल्या! तिथून निघाल्यावर तिला पहिल्यांदा जे मिळतं ते नोकरदार बायकांच्या वसतिगृहातलं राहणं आणि स्वतःचा पगार. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या डोक्यावरच्या छपराचे पैसे तिने स्वतः भरलेले आहेत. हे जेमतेम सुरू झालंय, आणि तेवढ्यात गौरीशंकर विचारतो. तो कितीही भला असला तरी होकार दिला की पुन्हा कुणीतरी दिलेलं घर आलंच. ती त्याची मैत्री झिडकारत नाही, त्याचे उपकार विसरत नाही. फक्त भाडं आपलं आपण भरायचं म्हणते. मामींना मी तेव्हा हेच उत्तर द्यायला हवं होतं, पण अडयार आलं.

मुरळी कृष्णा पश्चात्ताप करून आला होता. माणूस चुकतो. एक संधी द्यायला काय हरकत होती?
— एक वाचक, लातूर

तुळसी त्याला विचारते की, मी असं वागून परत आले असते तर तू मला घरात घेतलं असतंस का? तो 'नाही' म्हणतो. तो खोटं बोलत नाही, हे त्याच्या बाजूने मांडता येईल. पण त्या एका शब्दाने त्याने स्वतःचा निकाल स्वतःच लावला. जी सवलत तो तिला देणार नाही, ती तिच्याकडून का मागतो? तुम्ही म्हणता ती संधी तुमच्या पत्नीलाही मिळाली असती का, एवढं मनाशी विचारून पाहा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

'अर्थ' असताना ही नक्कल कशाला पाहायची? शबाना आझमींसमोर कोण टिकणार?
— एक वाचक, नाशिक

शबाना आझमींची बरोबरी करायला रेवती उतरलेलीच नाही. 'अर्थ'मधल्या पूजाचा राग डोळ्यांत पेटतो. तुळसीचा राग उशिरा येतो, आधी नुसता गोंधळ दिसतो, माझ्याच बाबतीत हे कसं झालं असा. माझ्या ओळखीच्या ज्या बायका अशा प्रसंगातून गेल्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणी पहिले काही महिने अशाच दिसायच्या. रेवतीला या भूमिकेसाठी तमिळचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला, आणि तो अगदी योग्य मिळाला.

दुसरा फरक छायाचित्रणाचा. बालू महेंद्र मूळचे श्रीलंकेतल्या मट्टक्कळप्पू (बट्टिकलोआ) जवळचे, पण कॅमेरा शिकले ते आपल्या पुण्यात, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. या चित्रपटाचं दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन तिन्ही त्यांचंच. खिडकीतून येणाऱ्या उजेडावर त्यांचा फार जीव. त्यामुळे त्यांच्या चित्रपटातली घरं राहती वाटतात, सेट लावल्यासारखी दिसत नाहीत. जिथे गोष्टच घराची आहे, तिथे याचं मोल किती! आणि इळैयराजांचं संगीत आहे. एस. पी. बालसुब्रमण्यम यांनी गायलेलं 'नलम वाळ' हे गाणं भाषा न कळताही ऐका.

चित्रपटातल्या तुळसीला कायद्याने त्या घरात राहता आलं असतं का? माझ्या बहिणीच्या बाबतीत हाच प्रश्न उभा आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक, अकोला

ताई, तुमच्या बहिणीसाठी हे जरा सविस्तर लिहिते. मी वकील नाही, तेव्हा हे वाचून झाल्यावर चांगल्या वकिलाकडे जाच.

1993 साली तुळसीपुढे घटस्फोट आणि पोटगी एवढेच रस्ते होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 125 कलमाखाली पोटगी मागितली असती, तर महिना 500 रुपयांच्या वर मिळाली नसती. ती मर्यादा 2001 साली उठली. मामी भाड्याचं विचारत होत्या ते उगाच नव्हे. आणि घराचा कागद नवऱ्याच्या नावावर असेल तर 'बाहेर हो' म्हणायला त्याला कोणी अडवणारं नव्हतं, निदान सरळ कायद्याने तरी.

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या 17व्या कलमाने बाईला सामायिक घरात, म्हणजे जिथे तिने संसार केला त्या घरात, राहण्याचा हक्क दिला, घर कोणाच्याही नावावर असो. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही यात येऊ शकतं. मात्र हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. हा फरक बहिणीला नीट समजावून सांगा. जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात, अर्ज त्यांच्यामार्फतही करता येतो. आणि वकिलाला विचारल्याशिवाय तिने रागाच्या भरात घर सोडू नये, अर्थात जिवाला धोका नसेल तर. धोका असेल तर आधी बाहेर पडावं, कागद मागून बघता येतील.

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा वाटा देण्यात तमिळनाडू आपल्या पुढे होतं. तिथे 1989 साली, महाराष्ट्रात 1994 साली. दोन्हीकडे आधीच लग्न झालेल्या मुली वगळून. ती अट 2005च्या केंद्रीय दुरुस्तीत गेली. बहिणीने माहेरचा वाटा 'भावाला राहू दे' म्हणून सोडून दिला असेल, तर तसं सहीनिशी लिहून दिलं होतं का, हेही वकिलाला सांगा.

तुळसीला मूल नव्हतं, म्हणून ती निघू शकली. आम्हाला दोन मुलं, सासूचं आजारपण. असे चित्रपट आमच्यासाठी नसतातच.
— एक वाचक, गाव लिहिलेलं नाही

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचं पहिलं वाक्य खरं आहे आणि ते मी खोडणार नाही. मूल असतं तर तुळसीची गोष्ट वेगळी झाली असती, कदाचित ती निघालीच नसती.

पण त्याच चित्रपटात दुसरी एक बायको आहे, तुळसीच्या घरी काम करणारी. 'अर्थ'मध्ये ही भूमिका रोहिणी हट्टंगडींनी केली होती, आठवत असेल. तिचा नवरा दारुडा आणि बाहेरख्याली. ती धुणीभांडी करून लेकीच्या शाळेसाठी पैसे साठवते आणि तो तेच उडवतो. तिच्या हातून त्याचा खून होतो. त्या मुलीला मग तुळसी सांभाळते. म्हणजे मूल असलेल्या बाईला त्या गोष्टीत तुरुंगाखेरीज वाट मिळत नाही. तुमची तक्रार तिथे आहे, आणि लिहिणाऱ्यांना ती माहीत होती असं मला वाटतं.

निघणं म्हणजेच स्वातंत्र्य, असं मी मागच्या लेखात कुठेही म्हटलेलं नाही. घरात राहून तुमच्या नावाचं बँकेचं खातं आहे का? त्याचं पुस्तक तुमच्या कपाटात आहे का? मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर सही कोणाची? यातलं एक उत्तर जरी या वर्षात बदलता आलं तर बदला, आणि मला पुन्हा लिहा. गावाचं नाव लिहायचं नसेल तर नका लिहू.

हा चित्रपट मी माझ्या 70 वर्षांच्या आईला दाखवू का? तिचा संसार फारसा सुखाचा नव्हता.
— एक वाचक, ठाणे

दाखवा. उपशीर्षकं वाचायला त्रास होत असेल तर मध्ये मध्ये थांबवून सांगा. आई 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणाली तर वाद घालू नका, बोलू द्या. आणि गाणं लागलं की चहाला उठायची सवय असते त्यांना. त्या दिवशी चहा तुम्ही करा.