मानवी भूगोलात जागतिकीकरण आणि विकास कसा अभ्यासावा?

व्याख्या नंतर पाठ होतील, आधी एखादी वस्तू धरून तिचा माग काढा. चॉकलेटच घ्या. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, पण नफ्याचा मोठा वाटा युरोप-अमेरिकेतल्या कंपन्यांकडे जातो. बिया उन्हात वाळवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती किमतीचा जेमतेम तुकडा पडतो. असं का, हाच खरा प्रश्न. इथे ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ डोरीन मॅसी वाचाच. जग जवळ आलं ते नेमकं कोणासाठी, हे त्यांनी विचारलं.

विकास मोजताना दरडोई उत्पन्नावर थांबू नका. १९९० पासूनचा मानव विकास निर्देशांक आयुर्मान आणि शिक्षणही धरतो, तरी देशातली विषमता सरासरीत झाकली जाते. म्हणून प्रदेशवार आकडे काढून स्वतः नकाशावर मांडा.