कडेला चिकटून चालवू नका (आणि हॉर्न न वाजवणाऱ्याला जास्त घाबरा)

दोन महिने झाले सायकलने कामावर जायला लागून, गाड्या अगदी खेटून जातात, परवा एकीचा आरसा कोपराला लागला, घरचे म्हणतात एकतर अजून कडेने चालव नाहीतर बंद कर, गाड्यांनी किती अंतर सोडायला हवं, हॉर्न वाजला की काय करायचं, आता काय करू, असं विचारलंय तुम्ही. आधी सांगा कोपर बरं आहे ना? आरसा लागूनही पडला नाहीत म्हणजे हात बऱ्यापैकी बसलाय तुमचा. मी अठरा वर्षं रोज चालवतोय, दोनदा पडलोय, त्यातलं एकदा पूर्णपणे माझ्याच चुकीने. आणि मी कारही चालवतो, त्यामुळे खाली ड्रायव्हर लोकांना जे बोललोय ते थोडं मलाही लागू आहे. (सगळं डावीकडून वाहतूक चालते असं धरून लिहितोय, उजवीकडून चालवत असाल तर उलटं करून वाचा.)

घरच्यांची काळजी खरी आहे पण सल्ला चुकीचा आहे. माझा अनुभव असा की अजून कडेने गेलात तर गाड्या अजून खेटून जातील, कमी नाही. ड्रायव्हरच्या जागेवर बसून बघा, पुढे सायकलवाला रस्त्याच्या अगदी काठावरून चाललाय, लेनमध्ये गाडीपुरती जागा दिसते, मग तो स्टीअरिंग हलवतच नाही, वेगही कमी करत नाही, "मावतंय" म्हणतो आणि सरळ निघून जातो. त्याच्या डोक्यात ओव्हरटेक हा प्रकार घडलेलाच नसतो. तेच तुम्ही काठापासून हातभर-दीड हात आत असाल तर त्याला काहीतरी ठरवावं लागतं, एकतर थांबायचं नाहीतर पलीकडच्या लेनमध्ये जाऊन पुढे जायचं. त्याला विचार करायला लावणं एवढंच आपल्या हातात आहे.

शिवाय काठावर असतं काय? वाळू, काचा, खचलेली कड, गटाराची जाळी. सायकल सरळ रेषेत चालत नाही, थोडी डुलतेच, आणि हँडलच असतं साठ-सत्तर सेंटिमीटर रुंद. काठाला चिकटून असताना समोर खड्डा आला की डावीकडे जागाच नाही, म्हणजे तुम्ही अचानक उजवीकडे येणार आणि मागचा तुम्हाला "मधेच आला" म्हणणार, आणि त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. ब्रिटनमध्ये २०२२ साली रस्त्याचे नियम बदलले तेव्हा हे स्पष्टच लिहिलं, वर्दळीच्या वेगवान रस्त्यावर काठापासून निदान अर्धा मीटर आत राहा, आणि शांत रस्त्यावर, हळू चालणाऱ्या ट्रॅफिकमध्ये किंवा चौक जवळ आला की लेनच्या मध्यभागी या. म्हणजे हा कुणा आगाऊ सायकलवाल्यांचा हट्ट नाहीये.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कुणीतरी खाली येऊन सांगेलच. इयन वॉकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, तेव्हा बाथ विद्यापीठात होते, त्यांनी सायकलवर अंतर मोजायचा सेन्सर लावून स्वतः रस्त्यावर चालवली आणि हजारो ओव्हरटेक मोजले, २००७ साली ते छापून आलं. त्यात दिसलं की सायकल जितकी बाहेर तितकी गाड्यांनी सोडलेली जागा थोडी कमी होते. म्हणजे माझ्या म्हणण्याच्या उलटच वाटतं. पण यात फरक आहे तो डाव्या बाजूच्या जागेचा. काठावर असताना गाडी खेटली तर सरकायला काही नाही, मीटरभर आत असताना तेवढाच मीटर पळायला असतो. म्हणून मी लेन बघून ठरवतो. रुंद लेन असेल आणि गाडी खरोखर आरामात जाऊ शकत असेल तर काठापासून साधारण मीटरभर. लेन इतकी अरुंद असेल की गाडी आणि सायकल दोन्ही मावतच नाहीत तर सरळ मध्यभागी, म्हणजे "मावतंय का" हा प्रश्नच उरत नाही. आणि मागे चार-पाच गाड्या साचल्या की पुढे जागा मिळेल तिथे बाजूला होऊन जाऊ द्यायचं, हात दाखवून. त्यात कमीपणा काही नाही.

त्याच वॉकरसाहेबांच्या मोजमापात हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या होत्या आणि लांब केसांचा विग घातल्यावर जास्त लांबून. यावरून नंतर बराच वाद झाला, दुसऱ्यांनी तेच आकडे परत तपासून फरक फार महत्त्वाचा नाही असंही म्हटलं. हेल्मेट घालाच, मी घालतो, पण ते पडल्यावर कामाला येतं, गाडीला लांब ठेवत नाही. आणि त्यांचीच पुढची एक पाहणी आहे, वेगवेगळे कपडे घालून केलेली, तिचा निष्कर्ष मला पटतो कारण माझा अनुभव तोच आहे. काहीही घाला, शंभरातले एक-दोन ड्रायव्हर पन्नास सेंटिमीटरच्या आतूनच जातात. तुमच्या कोपराला लागलेला बहुतेक त्यातलाच. त्याच्यासाठी अजून चकचकीत जॅकेट घेऊन काही होणार नाही, त्याच्यासाठी डाव्या हाताला मोकळी जागा ठेवावी लागते.

किती अंतर असायला हवं हे विचारलंत म्हणून, जर्मनीत २०२० पासून शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असा नियमच आहे, फ्रान्समध्ये वस्तीत एक आणि बाहेर दीड. दीड मीटर म्हणजे एका माणसाने दोन्ही हात आडवे पसरल्यावर जेवढं होतं त्याहून थोडं कमी. ड्रायव्हिंग शिकताना हे कुणी हात पसरून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

आता मागून येणाऱ्यांचं सोडा जरा. मी जोरात पडलो तो मागच्या गाडीमुळे नाही, उभ्या गाडीमुळे. रांगेत लावलेल्या गाड्यांना लागून चाललो होतो, एकाचं दार उघडलं, दाराची कड हँडलच्या डाव्या टोकाला लागली, हँडल डावीकडे फिरलं आणि मी उजवीकडे फेकला गेलो, म्हणजे नेमका चालत्या ट्रॅफिकमध्ये. मागचा रिक्षावाला हळू होता म्हणून आज हे लिहितोय. दार उघडणारा बिचारा इतका घाबरला होता की मीच त्याला पाणी दिलं. त्याने आरशात बघितलंच नव्हतं एवढंच. तेव्हापासून उभ्या गाड्यांपासून उघड्या दाराएवढं अंतर सोडतो, मागून कितीही हॉर्न वाजले तरी. जागा नसलीच तर वेग इतका कमी की दार उघडलं तरी थांबता येईल, आणि गाडीच्या मागच्या काचेतून आत डोकं दिसतंय का ते बघत जायचं. नुकतीच थांबलेली गाडी, आत दिवा लागलाय, चाक थोडं बाहेर वळलेलं, ही सगळी चिन्हं आहेत. तुम्ही स्वतः गाडीत बसत असाल तर दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावा, उजवीकडच्या दाराला डावा हात. अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. नेदरलँड्समधली पद्धत म्हणून ती ओळखली जाते. मागच्या सीटवरच्या पोरांनाही शिकवा, ती तर दार भिरकावतातच.

दुसरा प्रकार चौकातला. गाडी तुम्हाला ओव्हरटेक करते आणि लगेच डावीकडे वळते, तुम्ही तिच्या पोटात. हे लोक वाईट नसतात, सायकल म्हणजे हळू असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, तुम्ही पंचवीसने चाललाय हे त्यांना खरंच वाटत नाही. समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्याचंही तेच. म्हणून चौकाच्या आधीच मध्यभागी येणं, म्हणजे बाजूने घुसून वळायला फटच राहत नाही. आणि ट्रक-बसच्या डाव्या बाजूने सिग्नलपर्यंत पुढे सरकत जाणं हे कधीच नाही म्हणजे नाही. हा एकच मुद्दा लक्षात राहिला तरी चालेल मला. लांब गाडी वळते तेव्हा पुढची चाकं बाहेरून जातात आणि मागची आतून कोपरा कापत येतात, सुरुवातीला जिथे दोन मीटर जागा होती तिथे शेवटी शून्य. ड्रायव्हर उंच बसलेला, त्याला खिडकीखालचं काही दिसत नाही. लंडनमध्ये याच कारणाने मोठ्या ट्रकना केबिनमधून थेट किती दिसतं त्यावर परमिट द्यायला लागले, २०२१ पासून त्याची अंमलबजावणी आहे. आपल्यापुरता नियम सोपा, ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. मागे थांबा, दोन मिनिटं उशीर होईल.

"मला दिसलाच नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि चिडलोय. पण बऱ्याचदा ते खरं असतं आणि म्हणूनच जास्त भीतीदायक आहे. दोन वाहनं आपापल्या वेगाने सरळ येऊन एकाच जागी भेटणार असतील तर दुसरं वाहन ड्रायव्हरच्या नजरेत डावी-उजवीकडे सरकत नाही, काचेत एकाच जागी स्थिर राहतं आणि फक्त मोठं होत जातं. आपला डोळा हलणाऱ्या गोष्टी पटकन पकडतो, स्थिर गोष्ट नाही. त्यात काचेच्या बाजूला जो खांब असतो त्याच्याआड एक सायकल आरामात लपते आणि दोघांचे वेग जुळले तर शेवटपर्यंत लपलेलीच राहते. म्हणून बाजूच्या रस्त्यावरून गाडी येताना दिसली की मी त्याच वेगाने जात नाही, थोडा मंद होतो किंवा लेनमध्येच जरासा आडवा सरकतो, मागे बघूनच अर्थात. तेवढ्याने त्याच्या काचेत मी "हलतो". ड्रायव्हरच्या डोळ्यात बघा म्हणतात ते ठीक, पण मी पुढच्या चाकाकडे बघतो. माणूस तुमच्याकडे बघूनही न बघितल्यासारखा निघू शकतो, चाक खोटं बोलत नाही.

आणि मोबाईल. साठच्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. दोन सेकंद मेसेज वाचला म्हणजे तेहेतीस मीटर आंधळा प्रवास. यावर आपला काही इलाज नाही, फक्त मागून येणारी गाडी लेनमध्ये तरंगल्यासारखी डुलत असेल तर ओळखावं आणि रस्ता सोडून द्यावा.

हॉर्नचं विचारलंत. सुरुवातीला प्रत्येक हॉर्नला माझा जीव दचकायचा आणि मी आपोआप कडेला जायचो. मग लक्षात आलं, हॉर्न वाजवणाऱ्याने मला बघितलेलं असतं! उद्धट असेल, घाईत असेल, पण त्याला मी दिसलोय. बघितलेल्या माणसाला सहसा कुणी जाणूनबुजून उडवत नाही. धोका आहे तो शांतपणे येणाऱ्याचा. म्हणून हॉर्न ऐकला की रेषा बदलायची नाही, आहे तसंच चालवायचं. सगळ्यात वाईट म्हणजे दचकून एकदम वळणं.

जाणूनबुजून कट मारणारे असतातच, अगदी थोडे पण असतात. एकदा असाच एक जण घासून गेला, मी पेटलो, जीव खाऊन पॅडल मारत सिग्नलला गाठलं आणि काचेवर थाप मारली. काच खाली झाली, आत साधारण माझ्याच वयाचा माणूस, मागे दोन लहान मुलं रडायला लागलेली. त्याला काही कळलंच नव्हतं की मी कशासाठी भांडतोय. आणि वीस मिनिटं धापा टाकत, हात थरथरत पुढे चालवली ती माझी त्या वर्षातली सगळ्यात धोकादायक वीस मिनिटं होती. तेव्हापासून भांडत नाही. नंबर लक्षात राहिला तर लिहून ठेवतो, कॅमेरा असेल तर क्लिप ठेवतो. आरसा लागला म्हणजे तो अपघातच आहे, इजा झाली नसली तरी, तक्रार करून ठेवा. नोंद नसली तर त्या जागेवर कधी काही झालंच नाही असं धरलं जातं.

रात्रीचं थोडक्यात. फ्लुरोसंट रंग दिवसा उजळतो, अंधारात त्याचा उपयोग नाही, तिथे लाईट परत फेकणारी पट्टी लागते. आणि ती पाठीपेक्षा घोट्याला लावा, कारण पॅडलबरोबर वर-खाली होणारे दोन ठिपके बघून लांबूनच कळतं की हा सायकलवाला आहे, खांब नाही. मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. पुढचा खाली झुकवा हो, समोरच्याच्या डोळ्यात अप्पर मारून आपणच काय मिळवणार.

घरच्यांना सांगायचं तर वाद घालू नका, एक दिवस सुट्टीला त्यातल्या एकाला दुसऱ्या सायकलवर तुमच्या मागून घेऊन जा त्याच रस्त्याने. किंवा रस्ताच बदला. पाच-सात मिनिटं लांबचा पण आतला, हळू गाड्यांचा रस्ता असेल तर मी डोळे झाकून तो घेईन, तीसने येणाऱ्या गाडीपेक्षा साठने येणाऱ्या गाडीत धडकेची ऊर्जा चौपट असते, दुप्पट नाही. ऐटीत मेन रोडने जाण्याचा अट्टाहास मी पस्तिशीत सोडला.

आणि उजव्या हँडलला एक आरसा लावून घ्या. पहिले दोन दिवस त्यात फक्त तुमचं दुखरं कोपर दिसेल, मग तो थोडा बाहेर वळवा.