अमेरिकेत घर घेताय? विक्रेत्याला पत्र लिहिण्याआधी

अभिनंदन! ऑफरसोबत 'हे घर आम्हालाच द्या' असं पत्र विक्रेत्याला पाठवायची तिथे पद्धत आहे. पण आधी एजंटला विचारा, विक्रेता पत्रं घेतो का? बरेच जण घेतच नाहीत. कारण फेअर हाउसिंग कायदा (१९६८): धर्म, वंश, मूळ देश किंवा घरात लहान मुलं आहेत का, हे बघून खरेदीदार निवडणं बेकायदा. आणि नवखे नेमकं तेच लिहितात!

- 'दिवाळीला अंगणात दिवे लावू', 'मुलांना शाळा जवळ पडेल', सोबत कुटुंबाचा फोटो: सगळं वगळा.
- घराबद्दल लिहा. ओट्यामागच्या निळ्या टाइल्स, मागचा मेपल. अर्धं पान पुरे.
- 'काहीही करून हेच घर हवंय' नको. इन्स्पेक्शननंतर (घराची तपासणी) दुरुस्तीचे पैसे मागताना तेच वाक्य आड येतं.

प्री-अप्रूव्हल (बँकेची कर्जाला प्राथमिक मंजुरी) अजून हातात नसेल तर पत्र राहू द्या, आधी बँक गाठा.