पडताना दिसण्याची भीती

ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग अशा समोरासमोर भिडण्याच्या खेळांत उतरलेल्या मुलांचे पालक समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात, तेव्हा एक काळजी जवळजवळ त्याच शब्दांत ऐकायला मिळते. "क्लबमध्ये ती स्वतःपेक्षा मोठ्या मुलींनाही पाडते, जिल्ह्याच्या स्पर्धेत पदक आणते, पण दुसऱ्या राज्यात स्पर्धेला नेली की तिचे हातपायच चालत नाहीत. ती मनाने कमकुवत आहे का? आणि तसे असेल, तर हा खेळ थांबवावा का?" या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. ते का, हे एका मुलीच्या अनुभवावरून अधिक नीट सांगता येईल. तिची आणि तिच्या आईवडिलांची संमती घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून, तो येथे लिहीत आहे.

मुलगी कोथरूडला राहणारी, नववीतली. लहानपणापासून ज्युदो शिकत होती आणि तिच्या प्रशिक्षकांच्या मते क्लबमधल्या सर्वांत चपळ मुलींपैकी एक होती. क्लबच्या मुलांबरोबर ती झेलम एक्स्प्रेसने भोपाळला एका आंतरराज्य स्पर्धेसाठी गेली आणि पहिल्याच लढतीत हरून परत आली. त्यानंतर संध्याकाळी सरावाला निघण्याची वेळ झाली की तिचे पोट दुखू लागे. डॉक्टरांनी तपासले, काही आढळले नाही, आणि त्यांनीच समुपदेशनाचा सल्ला दिला.

आईवडील दोघेही आले होते. वडिलांनी मोबाइलमध्ये लढतीचे चित्रीकरण जपून ठेवले होते आणि बसल्या बसल्या ते मला दाखवण्याची त्यांची तयारी होती. त्यांनी मणिपूरच्या लिंथोई चानंबमचे उदाहरण दिले. 2022 मध्ये सारायेव्हो येथील जागतिक कॅडेट स्पर्धेत 57 किलो गटात तिने सुवर्णपदक मिळवले आणि ज्युदोच्या जागतिक स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिलेच पदक होते. "तीही शाळेतलीच मुलगी होती. मग आमचीच का घाबरते?" असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, खरी घालमेल होती. चित्रीकरण मी त्या दिवशी पाहिले नाही. मुलीने ते दाखवायला सांगितलेले नव्हते, एवढेच कारण मी दिले.

मुलीशी एकटीशी बोलताना 'का हरलीस' हा प्रश्न मी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी इतक्या वेळा दिलेले असते की ते पाठ झालेले असते. मी तिला पुणे स्टेशनपासून सगळे क्रमाने सांगायला सांगितले. तिने सांगितले की 44 किलोखालच्या गटात बसायचे म्हणून गाडीत ती जवळजवळ काही जेवली नाही, पाणीही घोट घोटच प्यायली आणि मोठ्या मुलींचे पाहून अंगात स्वेटर घालून बसली. सभागृहात एकाच वेळी अनेक मॅटवर लढती चालू होत्या, ध्वनिक्षेपकावर नावे पुकारली जात होती आणि आपले नाव केव्हा येईल याचा अंदाज नसल्यामुळे अंग गरम करावे, पुन्हा थंड व्हावे, असे सकाळभर चालले होते. समोरची मुलगी हरियाणाची होती. पकड घेताच आपले दोन्ही हात दगडासारखे झाले, असे ती म्हणाली. आणि मग, मी काही न विचारता, मान वर करून तिने एक वाक्य उच्चारले: "पण ताई, तिनं मला पाडलं नाही. मी शिदोवर हरले."

माझ्या दृष्टीने या प्रकरणाची किल्ली त्या वाक्यात होती. ज्यांना खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ज्युदोत प्रतिस्पर्ध्याला वेगाने, जोराने आणि ताबा राखून पाठीवर फेकले की 'इप्पोन' मिळतो आणि लढत तिथेच संपते. जो खेळाडू हल्लाच करत नाही, नुसता बचाव करत राहतो, त्याला पंच 'शिदो' म्हणजे दंड देतात. असे तीन शिदो झाले की तो खेळाडू बाद ठरतो. ही मुलगी अशी बाद झाली होती. संपूर्ण लढतीत तिने एकही खरा हल्ला केला नव्हता, आणि तरीही 'पाडलं नाही' हे सांगताना तिच्या आवाजात समाधान होते. म्हणजे ती जिंकायला उभीच राहिली नव्हती. पडायचे नाही, एवढेच तिने ठरवले होते आणि ते तिने साधले होते. तिच्या हिशेबाने ती त्या दिवशी यशस्वी झाली होती. अशा मुलीला 'मन खंबीर कर' असे सांगून काय उपयोग? एवढ्या दडपणाखाली ठरवलेले तडीस नेण्याइतके तिचे मन खंबीर होतेच.

हे तिने केव्हा ठरवले, ते पुढच्या भेटींत उलगडले. भोपाळच्या आधी बेळगावला झालेल्या एका स्पर्धेत ती सुरुवातीच्या काही सेकंदांतच इप्पोनने हरली होती. वडिलांनी प्रेक्षकांतून त्याचे चित्रीकरण केले होते. घरी आल्यावर ते टीव्हीला जोडले गेले, संथ गतीने पुन्हा पुन्हा पाहिले गेले, पाय कुठे चुकला याची चर्चा झाली आणि ते नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावरही गेले. आजोबा तरुणपणी पेठेतल्या तालमीत जात असत. ते सहज म्हणाले, "आमच्याकडे पाठ लागली की विषय संपला." कोणी तिला रागावले नाही, कोणी हिणवले नाही. काकांनी सल्ला दिला, मामांनी हिंमत दिली. तिच्या मनात मात्र एकच चित्र राहिले: आपण पडतो आहोत आणि सगळे घर ते पाहते आहे.

आजोबांचे म्हणणे त्यांच्या खेळापुरते बरोबर आहे, कारण कुस्तीत पाठ टेकणे हीच हार. ज्युदोतही पाठीवर पडल्याने लढत जाते, पण पडण्याकडे पाहण्याची रीत फार वेगळी आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये जपानमध्ये हा खेळ सुरू केला. आजही कोणत्याही क्लबमध्ये नवीन मुलाला पहिल्यांदा शिकवतात ती 'उकेमी', म्हणजे सुरक्षित पडण्याची कला: हनुवटी छातीकडे, हाताचा फटका मॅटवर, अंग सैल. रोजच्या सरावात प्रत्येक जण अनेकदा पाडला जातो, लगेच उठतो आणि पुन्हा पकड घेतो. कोण किती वेळा पडले याची नोंद कोणीही ठेवत नाही, म्हणूनच क्लबमध्ये ही मुलगी मोकळेपणाने हल्ले करू शकत होती. ज्युदोत हल्ला करणे म्हणजे क्षणभर एका पायावर उभे राहणे. त्या क्षणी उलट डाव बसू शकतो. ज्याला पडण्याची मुभा आहे, त्यालाच हल्ला करता येतो. दुसऱ्या राज्यातल्या स्पर्धेत ही मुभा तिला राहिली नव्हती. प्रवासाचा खर्च, बुडालेली शाळा, वडिलांनी घेतलेली रजा आणि वर धरलेला मोबाइल, हे सगळे तिच्याबरोबर मॅटवर येत होते.

तिच्याबरोबर केलेले काम साधे होते. प्रथम मी तिला शरीराचे समजावले. स्पर्धेआधी तोंडाला कोरड पडणे, हात गार होणे, सारखे लघवीला जावेसे वाटणे, पोटात कालवणे, हे सारे अॅड्रेनलिनचे परिणाम आहेत. शरीर झुंजीसाठी सज्ज होत आहे, आजारी पडत नाही. समोरच्या मुलीचेही हात गारच असतात, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा, हा सराव तिने सुरू केला; उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके संथ होतात आणि घट्ट आवळलेले हात सैल सोडणे जमते. हात ताठ ठेवून समोरच्याला दूर ढकलत राहिले की कोपरापासून पुढचे हात लवकर भरून येतात. तिचे हात दगडासारखे झाले त्याचे मोठे कारण हेच होते. त्यानंतर आम्ही तिच्या हातात असलेले एकच उद्दिष्ट ठरवले: पंचांनी 'हाजिमे' म्हणजे 'सुरू करा' म्हटल्यावर आपल्या पसंतीची पकड घ्यायची आणि पहिला हल्ला आपण करायचा. त्याचे पुढे काय होईल, हे उद्दिष्टात नव्हते.

मुलींना मी आणखी एक गोष्ट नेहमी विचारते: प्रवासात पाळी आली तर कोणाला सांगशील? पांढऱ्या ज्युदोगीत, म्हणजे ज्युदोच्या पोशाखात, मॅटवर उतरणाऱ्या मुलीला ही धास्ती असते आणि पथकाबरोबर फक्त पुरुष प्रशिक्षक असतील तर ती गप्प राहते. या मुलीच्या बाबतीत ते मूळ नव्हते, परंतु पथकाबरोबर एक महिला असावी, असे मी क्लबला कळवले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले.

वजनाच्या प्रश्नाविषयी मी प्रशिक्षकांशी बोलले, आणि येथे मी मऊ शब्द वापरले नाहीत. वाढत्या वयाच्या मुलीने उपाशी, तहानलेले राहून वजन उतरवणे धोक्याचे आहे. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीचे तीन मल्ल झटपट वजन उतरवण्याच्या प्रयत्नात दगावले आणि त्यानंतर तेथील नियम बदलले गेले. सरांना तिने जेवण सोडल्याचे ठाऊकच नव्हते. त्यांनी तिला 48 किलोखालच्या गटात नेले, आणि गाडीत सगळ्या मुलांनी एकत्र बसून जेवायचे, असा दंडक घातला.

सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाचे बोलणे वडिलांशी झाले. तुमच्या चित्रीकरणामुळे हे घडले, असे मी त्यांना म्हटले नाही, कारण ते अर्धेच खरे ठरले असते. आपल्या मुलीचे चुकते कुठे ते शोधून देणे, हीच त्यांची माया होती. मी त्यांना एवढेच विचारले की, बेळगावहून आल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही दोघे कशाविषयी बोललात? त्यांनी बराच विचार केला. स्पर्धेखेरीज काहीच आठवेना. मग मी सुचवले की, लढतीनंतरचा पहिला दिवस मुलीचा असू द्या. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर इतर बोला. डाव कसा चुकला, हे सांगणे प्रशिक्षकांचे काम आहे आणि ते उत्तम करतात. पदकाचा प्रश्न फोनवर तुम्ही आधी विचारू नका. मिळाले असेल तर ती पहिल्या वाक्यात सांगेलच. लिंथोईचे उदाहरणही तूर्त बाजूला ठेवा. घरात मोजपट्टीसारखे वापरले की कोणत्याही मोठ्या खेळाडूचे नाव मुलांना नकोसे होते, आणि हे त्या खेळाडूवरही अन्यायाचेच आहे. हे ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. "म्हणजे मी तिला मदत करतो आहे, असंच मला वाटत होतं," ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की मदतीची इच्छा तशीच ठेवायची आहे, फक्त ती पोहोचवण्याची वेळ बदलायची आहे. नातेवाइकांच्या गटावरून ते चित्रीकरण त्यांनी त्याच संध्याकाळी काढून टाकले आणि मुलीला तसे सांगितले.

पोटदुखी हळूहळू कमी झाली. परीक्षेच्या दिवसांत एकदा परत आली आणि गेली. पुढच्या आंतरराज्य स्पर्धेला आई सोबत गेली, वडील मुद्दाम घरी राहिले. मुलीने पहिली लढत जिंकली. दुसऱ्या लढतीत तिने स्वतः 'ओसोतो-गारी' या पायाने पाय काढून पाडण्याच्या डावाने हल्ला केला, समोरच्या मुलीने तो उलटवला आणि ती इप्पोनने हरली. रात्री तिने आपण होऊन वडिलांना फोन केला: "बाबा, मी ओसोतो-गारी मारली, तिनं ती माझ्यावरच उलटवली. काय वेग होता तिचा!" वडील मला नंतर म्हणाले की पाय कुठे ठेवायला हवा होता हे ओठांवर आले होते, ते त्यांनी आवरले आणि "मग पुढे?" एवढेच विचारले. ती बराच वेळ बोलत राहिली.

सगळ्याच मुलांची गोष्ट अशी नसते. काही मुलांना खेळ खरोखरच नकोसा झालेला असतो आणि ते ऐकून घ्यावे लागते. काहींच्या भीतीमागे दुखापत असते, काहींच्या मागे संघातल्या कोणाचा त्रास किंवा गैरवर्तन असते, म्हणून 'मला त्या सरांबरोबर जायचं नाही' असे मूल म्हणाले तर ते कधीही नाटक समजू नये. स्पर्धा संपून कित्येक आठवडे झाले तरी झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल, शाळेत जाणेही बंद पडले असेल किंवा मूल जगण्याविषयी निराशेने बोलत असेल, तर वाट न पाहता तज्ज्ञांकडे जावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

मग चित्रीकरण करायचेच नाही का, असे पालक विचारतात. करावे, डाव सुधारण्यासाठी त्याचा मोठा उपयोग आहे. त्या क्लबमध्ये आता लढतींचे चित्रीकरण वरच्या वयोगटातला एक खेळाडू करतो आणि ते फक्त प्रशिक्षकांकडे जाते. मुलांनी मागितले की सर ते मॅटवरच, सरावाच्या वेळी दाखवतात, म्हणजे चुकलेला पाय त्याच मिनिटाला जोडीदाराबरोबर पुन्हा टाकून पाहता येतो. घरी पाठवायचे की नाही, हे मूल ठरवते. या मुलीने तिच्या उलटलेल्या ओसोतो-गारीचे चित्रीकरण सरांबरोबर पाहिले आणि काही दिवसांनी वडिलांना स्वतः दाखवले; आजोबाही शेजारी बसले होते आणि पडताना हात मॅटवर का आपटायचा, हे तिने त्यांना समजावून सांगितले.