आयडी फॅनचा शाफ्ट बेअरिंगच्या खांद्याशीच पुन्हा पुन्हा का तुटतो? साध्या कार्बन स्टीलच्या ईएन 8 ऐवजी मिश्र स्टीलचा ईएन 24 टाकावा का?

सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याच्या बॉयलरमधला धूर ओढून बाहेर टाकणारा हा पंखा (आयडी फॅन), आणि त्याचा शाफ्ट दोन्ही वेळा खांद्यालाच, म्हणजे बेअरिंगशेजारी व्यास एकदम वाढतो तिथेच तुटला, असं तुम्ही लिहिलंय. मग मटेरियल बदलायच्या आधी त्या खांद्याचा आतला कोपरा बघा.

शाफ्टचं तुटलेलं तोंड पुसून उजेडात धरा. शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषा आणि एका बाजूला छोटासा खडबडीत भाग दिसला, तर शाफ्ट थकून, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या ताणाने हळूहळू चीर वाढत जाऊन तुटलाय. खडबडीत भाग जितका लहान, तितका शेवटचा लोड कमी होता. म्हणजे लोड बेताचाच होता, कोपऱ्याने घात केला. 1000 आरपीएमला इंपेलरच्या (पंख्याच्या पात्यांच्या चाकाच्या) वजनाने शाफ्टचा प्रत्येक बिंदू दिवसाला 14 लाख 40 हजार वेळा ताणला आणि दाबला जातो.

टर्नर बहुतेक वेळा टोकाला 0.8 मिमी गोलाई असलेल्या टूलने (इन्सर्टने) खांदा मारतो आणि कोपऱ्यात तेवढाच रेडियस, म्हणजे तेवढीच गोलाई उरते. 100 मिमीवरून 120 मिमीला चढणाऱ्या शाफ्टला 1 मिमी रेडियस दिला तर बेंडिंगचा ताण तिथे अडीचपटीच्या वर जातो. 5 मिमी दिला तर दुपटीच्या आत येतो. सरळ 30 टक्के घट, तीही फारसा खर्च न वाढवता. याउलट व्यास 110 केला तर ताण 25 टक्के उतरतो, पण बेअरिंग, हाउसिंग, कपलिंग सगळंच बदलावं लागतं.

अडचण एकच: बेअरिंगच्या आतल्या रिंगचा कोपरा एवढा मोठा रेडियस मावू देत नाही. बेअरिंग आणि खांद्याच्या मधे मोठा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) दिलेली स्पेसर रिंग घाला. ड्रॉइंगवर रेडियस आणि फिनिश दोन्ही लिहा, शाफ्ट ताब्यात घेताना रेडियस गेज लावा. कोपऱ्यात टूलची आडवी रेघ राहिली असेल तर एमरीने पॉलिश करून घ्या. कीवेचं (चावी बसवायच्या खाचेचं) टोक खांद्याला भिडू देऊ नका, अंतर ठेवा.

ईएन 24 ची ताकद जास्त, हे खरं. पण स्टील जितकं कडक, तितकं ते खाचेला जास्त हळवं, त्यामुळे धारदार कोपऱ्यावर पैसे वाया जातात. जहाजाच्या प्रॉपेलर शाफ्टवरही खाच नको म्हणूनच आता बऱ्याचदा कीवे टाळून हायड्रॉलिक दाबाने टेपरवर प्रॉपेलर बसवतात.

आणि झिजलेली सीट (बेअरिंग बसते ती जागा) वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करू नका. ईएन 8 मध्ये 0.4 टक्के कार्बन असतो. आधी तापवून न घेता (प्रीहीट न करता) वेल्ड केलं की शेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि नवी चीर तिथूनच निघते. हंगाम संपला की खांद्यावर आणि कीवेच्या टोकांवर डाय पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारून बघा.